आठव्या काठीची पट्टी

विर्हिलियो तायतांच्या घरात जुना घागरा टाकून देत नाहीत. आमच्याकडे वडीलधाऱ्याला तायता म्हणतात, आणि मानाच्या बाईला दोन्या. त्यांच्या बायकोचा, दोन्या ओर्तेन्सियाचा घागरा कमरेला विटला, काठाला झिजला की ती तो धुते, वाळवते आणि डिसेंबर यायच्या आधी नवऱ्याच्या पुढ्यात टाकते. आमच्याकडच्या बायकांच्या घागऱ्यांना चुण्याच चुण्या असतात, एकेकात सात-आठ मीटर कापड जातं. तायता त्याच्या वीतभर रुंद पट्ट्या फाडतात, बोरूच्या लांब काठ्यांना बांधतात आणि त्या काठ्या कायाम्बे डोंगरावरच्या बर्फात रोवतात. वाटाडे त्या रांगेनं पाहुण्यांना वर नेतात, आणि ढग उतरला की त्याच रांगेनं खाली आणतात.

त्यामुळे आमच्या चाउपिलोमा गावात वर्षं आकड्यांनी कमी आणि घागऱ्यांनी जास्त ओळखली जातात. तायतांची मुलगी न्येवेस वाटाड्याची परीक्षा पास झाली ते जांभळं वर्ष. शाळेचं छत उडालं ते काळ्या काठाचं. ही गोष्ट घडली त्याच्या आदलं वर्ष हिरवं, त्याच्याही आधीचं निळं.

"माझे घागरे तेवीस वेळा डोंगर चढून आले," दोन्या ओर्तेन्सिया येईल त्याला सांगते, "आणि मी अजून वरच्या निवाऱ्यापर्यंतसुद्धा गेले नाही."

"चल म्हटलं की तुझे गुडघे दुखतात," तायता म्हणतात.

"घागऱ्याला गुडघे नसतात, म्हणून तुम्हाला तो बरा वाटतो."

विर्हिलियो कातुकुआम्बा आता एकोणसाठ वर्षांचे आहेत. त्यांचे वडील मोठ्या जमीनदाराची गुरं राखायचे, आणि गुरं बर्फाच्या कडेपर्यंत चरायला जायची, म्हणून तायतांना बर्फ लहानपणापासून ओळखीचा. तेराव्या वर्षापासून त्यांनी परदेशी पाहुण्यांची ओझी वाहिली. लग्न झाल्यावर दोन वर्षं खालच्या गुलाबाच्या हरितगृहात काम केलं. तिथल्या फवारणीनं डोकं दुखायचं. ते म्हणतात, "डोंगरावर डोकं दुखलं तर माणूस खाली उतरतो. तिथे दुखलं तर भोंगा वाजेपर्यंत थांबावं लागायचं." मग ते परत वर आले ते कायमचे. सही करता येते, हिशेबी मोजणी पक्की आहे, बाकी लिहिण्या-वाचण्याशी त्यांचं फारसं जमलं नाही.

काठ्या सगळेच रोवतात. पण तायता त्या मोजतात, आणि ती सवय त्यांना एकवीस वर्षांपूर्वी, तांबड्या वर्षी लागली. दोन पाहुण्यांना घेऊन ते शिखरावरून उतरत होते. ढग इतका दाट की स्वतःचे बूट दिसेनात. दोन काठ्यांमध्ये चाळीस वाव अंतर ठेवायचं हा त्यांचा तेव्हाही नेम होता. घायपाताची दोरी, वावागणिक, म्हणजे दोन्ही हात पसरल्यावर होईल तेवढ्या अंतरावर, एक गाठ, ती अंथरूनच ते काठी रोवतात. त्या दिवशी पावलांच्या अंदाजानं चाळीस वाव झाले, पण काठी आली नाही. आपण मोजायला चुकलो असं समजून ते थोडं पुढे गेले आणि उजवा पाय मांडीपर्यंत आत गेला. पायाखाली काहीच नव्हतं. पाहुण्यांनी दोर ताणून धरला म्हणून वर आले. काठी तिथून हातभर पुढे उभी होती.

"काठी हलली नव्हती आणि मीपण चुकलो नव्हतो," ते सांगतात. "मधली जमीन वाढली होती."

डोंगरावरचा बर्फ सतत खाली सरकत असतो, पण सगळीकडे सारखा नाही. पुढचा भाग घाईनं निघाला आणि मागचा रेंगाळला की मधला ताणला जातो, आणि फार ताणला की फाटतो. ती भेग वरून दिसत नाही, कारण ताजा बर्फ तिच्यावर पुलासारखा साचलेला असतो. तेव्हापासून तायता दर वर्षी मोसमाआधी वर जातात, आदल्या वर्षीच्या काठ्या शोधतात आणि त्यांच्यामधलं अंतर पुन्हा मोजतात. अर्ध्या पडलेल्या असतात, काही गळ्यापर्यंत गाडलेल्या असतात, पण सात-आठ सापडतात. चाळीस भरले तर वाट चांगली. एक्केचाळीस भरले तर लक्ष ठेवायचं. बेचाळीसच्या वर गेलं तर ती वाट सोडायची.

मी इबार्रा शहरात भूमापन शिकलो आणि आता गावाच्या पाटाचं काम बघतो. गावात मला कोणी नावानं हाक मारत नाही, सगळे इंजिनियर म्हणतात, निम्मे कौतुकानं आणि निम्मे चेष्टेनं. तायतांची पद्धत मला पहिल्यांदा कळली तेव्हा मी धावत त्यांच्या घरी गेलो होतो. ज्या गोष्टीसाठी माझ्या पुस्तकात दोन पानं समीकरणं होती ती ते घायपाताच्या दोरीनं करत होते. मी त्यांना तसं सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे पुस्तक लिहिणाऱ्याचाही कधीतरी पाय आत गेला असणार."

आता सभेविषयी सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे घडलं.

मोसमाची वाट डिसेंबरच्या पहिल्या रविवारी शाळेच्या पटांगणात ठरते. बारा वाटाडे असतात, त्यांच्या घरचे असतात, शिजवलेला मका आणि उकडलेले बटाटे असतात, आणि हात वर करून निर्णय होतो. नियम एकच आहे आणि तो जुना आहे. जो वाट सुचवेल त्यानं आपल्या घरचं एक माणूस त्या वाटेच्या पहिल्या दोरावर, म्हणजे एका दोराला बांधून सगळ्यांत आधी जाणाऱ्या तुकडीत, द्यायचं. फार पूर्वी कुणीतरी घरी बसून सोपी वाट सुचवली होती आणि तिच्यावर दुसऱ्याच्या घरचा माणूस गेला होता. तेव्हापासून हा नियम.

नियम चांगल्या हेतूनं केलेला आहे. पण कुणाच्या घरी मुलं लहान, कुणाची बायको ऐकत नाही, कुणाचा भाऊ शहरात गेलेला. तायतांच्या घरी मात्र न्येवेस होती, स्वतः वाटाडी आणि वर जायला कायम तयार. त्यामुळे हळूहळू असं झालं की सभेत तायता उठायचे, उजव्या अंगाची नेहमीची वाट सांगायचे, न्येवेस पहिल्या दोरावर जायची आणि बाकीचे हात वर करायचे. सात वर्षं सुचवणारा एकच होता. बेफिकीर माणसानं गप्प बसावं म्हणून केलेल्या नियमानं सगळेच गप्प बसले होते. बारा वाटाड्यांच्या गावात डोंगराकडे नीट बघणारा माणूस एकच उरला होता.

त्या वर्षी न्येवेस पाहुण्यांबरोबर दुसऱ्या डोंगरावर होती, म्हणून सभेआधीच्या गुरुवारी मोजणीला तायतांनी मला नेलं. उजाडल्यावर आम्ही बर्फाच्या कडेला असलेल्या निवाऱ्यावरून निघालो. निघताना वीस पावलांवर एक जण दोर गुंडाळत उभा होता. तायतांनी मला हळूच विचारलं, "कोण रे तो?"

तो एदिसोन होता. तरुण वाटाडा, तायतांच्या हाताखालीच शिकलेला. तायता त्याला दहा वर्षं रोज बघतात.

"काय तायता, घागरे मोजायला निघालात?" एदिसोन ओरडला.

आवाज ऐकल्यावर तायता म्हणाले, "तुझ्या घरी कोणी मोजू देत नाही, म्हणून माझ्या घरचे मोजतो."

मला वाटलं, उन्हाची तिरीप आली असेल.

बर्फावर मी पुढे होतो, ते दोरावर मागे. काठी सापडली की ते हातमोजा काढून पट्टीवरचं गोठलेलं कवच फोडायचे, कापड बोटांनी चोळायचे, डोळ्यांजवळ नेऊन बघायचे आणि रंग सांगायचे. मग आम्ही दोरी अंथरायचो. पहिल्या पाच काठ्या चाळीस-चाळीसवर होत्या. सहावी आणि सातवीत साडेचाळीस भरले. सातवीच्या पुढे चढ तीव्र होतो आणि वर शिखराखालची मोठी भेग असते. आठवी काठी त्या भेगेच्या अलीकडे. तिच्या वर काठ्या टिकतच नाहीत, वारा आणि नवा बर्फ त्या गिळून टाकतात. म्हणून सातवी ते आठवी हे माप सगळ्यात महत्त्वाचं. वाट घ्यायची की सोडायची ते तिथे ठरतं.

वारा वाढला होता. बरोबर चाळीस वावांवर एक तिरकी झालेली काठी होती. तायतांनी कवच फोडलं, कापड चोळलं, डोळ्यांशी नेलं.

"हिरवी," ते म्हणाले. "किती भरले?"

"चाळीस."

"बघ. बर्फ पोट भरलेल्या गाईसारखा बसलाय. हललासुद्धा नाही."

त्यांनी पट्टीचं टोक चाकूनं कापून टोपीच्या पट्ट्यात खोचलं. आठव्या काठीचा तुकडा ते दर वर्षी घरी आणतात आणि चुलीच्या वर टांगतात. मी वही काढून लिहिलं, आठवी काठी, निळी पट्टी, चाळीस वाव. निळी लिहिलं, कारण मला निळी दिसली. ते हिरवी म्हणाले हे मी ऐकलं होतं. मला वाटलं, त्यांच्या घरात या रंगाला हिरवाच म्हणत असतील. आम्ही उतरलो.

दुपारी त्यांच्या स्वयंपाकघरात न्येवेस आलेली होती. बटाट्याच्या रश्श्यात चीज घालून दोन्या ओर्तेन्सियानं आम्हाला वाढलं. चुलीजवळ गिनीपिगं मक्याच्या पाल्यावर ताव मारत होती. तायतांनी टोपीतून तुकडा काढून बायकोपुढे धरला.

"घे. आठव्या काठीचा. तुझा हिरवा."

तिनं तो उलटापालटा केला. "हा कुठला हिरवा? हा निळा."

"चुलीच्या धुरात तुला सगळं निळंच दिसतं."

"विर्हिलियो, हा घागरा मी माझ्या भावाच्या लग्नात घेतला आणि आठ वर्षं घातला. काठाला दुहेरी टाका आहे, हा बघा. हिरव्याला एकेरी होता."

न्येवेसनं तुकडा हातात घेतला. "निळाच आहे, तायता. गेल्याच्या आधीच्या वर्षीचा."

तायतांनी माझ्याकडे बघितलं. मी माझ्या रश्श्यातल्या बटाट्याकडे बघितलं.

दोन्या ओर्तेन्सिया उठली. तिनं दार सताड उघडलं, कोपऱ्यातल्या चिंध्यांच्या टोपलीतून चार तुकडे काढले आणि उजेडात पाटावर मांडले. "यातला हिरवा दाखवा."

तायतांनी एक चोळला, दुसरा चोळला. तिसऱ्यावर हात थांबला. "हा. जाडा आहे."

"तो पोत्याचा तुकडा आहे."

एरवी या घरात इतक्यावर हशा झाला असता. न्येवेसनं विचारलं, "कधीपासून?"

"जांभळ्यापासून थोडं थोडं," तायता म्हणाले. "आधी लांबचं गेलं. मग रंग. सगळ्यावर कुणीतरी गुळाचं पाणी ओतल्यासारखं दिसतं."

"म्हणजे गेल्या वर्षी मी पहिल्या दोरावर होते तेव्हा..."

"गेल्या वर्षीची मापं बरोबर होती."

"तुम्हाला कसं माहीत?"

ते उठून अंगणात गेले आणि सोलायच्या शेंगांची टोपली मांडीवर घेऊन बसले. शेंगा सोलायला डोळे लागत नाहीत.

आम्हा सगळ्यांना कळलं होतं ते असं. निळी काठी दोन वर्षांपूर्वीची होती, सरकत सरकत योगायोगानं त्या जागी आलेली. तिचा आणि सातव्या हिरव्या काठीचा एकमेकींशी काही संबंध नव्हता. मोजलेल्या चाळीस वावांना काहीच अर्थ नव्हता. खरी आठवी काठी कुठे आहे, मधला बर्फ किती ताणलाय, कुणालाच माहीत नव्हतं. आणि रविवारी तायतांनी नेहमीप्रमाणे उजवी वाट सांगितली असती तर बारा हात वर झाले असते आणि न्येवेस त्या बर्फावर सगळ्यांत पुढे गेली असती.

मी निघालो तेव्हा दोन्या ओर्तेन्सिया दारात उभी राहून नवऱ्याच्या पाठीशी बोलत होती. "रविवारी काय बोलायचं ते तुमचं तुम्ही बघा. तिथे तुमचा मान आहे, मला माहीत आहे. पण पोरगी माझीपण आहे."

त्यांनी शेंगा सोलणं थांबवलं नाही.

खरं सांगायचं तर त्यांच्याकडे दुसरं काही नाही. जमीन थोडी आहे, दोन गाई आहेत. पण ते जातात त्या वाटेनं माणसं जातात, ही गोष्ट त्यांनी चाळीस वर्षांत मिळवली होती. शहरातल्या सहल कंपन्यासुद्धा फोनवर विचारायच्या, म्हाताऱ्यानं यंदा कुठून सांगितलंय? डोळे गेले हे एकदा पटांगणात सांगितलं की ते परत घेता येणार नव्हतं.

रविवारी सभा भरली. मका वाटून झाला. तायता उठले, टोपी काढली आणि हातात धरून उभे राहिले.

"बोला तायता," एदिसोन म्हणाला. "नाहीतरी आम्ही हात वरच करणार आहोत. बटाटे गार होतायत."

"यंदा माझ्याकडे वाट नाही," तायता म्हणाले.

कुणीतरी हसलं. त्यांना ती थट्टा वाटली.

"मी निळी पट्टी हिरवी म्हणून मोजली. मला निळं आणि हिरवं वेगळं दिसत नाही. इंजिनियर, तुझ्या वहीत काय लिहिलंय ते वाच."

मी उभा राहिलो आणि वाचलं. आठवी काठी, निळी पट्टी, चाळीस वाव.

मग एदिसोननं मलाच धरलं. "तुला निळी दिसली?"

"हो."

"मग बोलला का नाहीस?"

"ते हिरवी म्हणाले."

"वा रे वा! इबार्राला चार वर्षं फळ्याकडे बघून आला आणि डोळ्यांनी दिसलेलं वहीत लपवून ठेवलं!"

आता मात्र सगळे हसले, मीसुद्धा, कान तापलेले असताना. पण तायता हसले नाहीत. त्यांनी एदिसोनकडे तोंड केलं. नुसत्या आवाजाच्या दिशेनं.

"आणि तू? सात वर्षं हात वर करतोस. एकदा तरी माझ्याबरोबर मोजायला आलास? तुझे डोळे तर चांगले आहेत."

एदिसोननं आणि बाकीच्यांनी आपापल्या मक्याकडे बघितलं.

"माझ्या दिसण्यावर तुम्ही सगळे चालत होता," तायता म्हणाले, "आणि माझं दिसणं तीन-चार वर्षांपूर्वीच संपलं होतं. मी सांगितलं नाही. हे माझं. पण कुणी विचारलं नाही, हे तुमचं. मंगळवारी मिंगा करा. सगळ्यांनी वर चला आणि स्वतः मोजा."

पाट साफ करायचा असो की शाळेची भिंत बांधायची, आमच्याकडे घरटी एक माणूस येतं आणि काम उरकतं. त्याला मिंगा म्हणतात. पण बर्फावरची मिंगा कोणी ऐकली नव्हती. एका म्हाताऱ्यानं विचारलं, "फावडी आणायची का?" तरी हात वर झाले. या वेळी जरा सावकाश झाले, एकेक, विचार करून.

मंगळवारी आम्ही अकरा जण चार दोरांवर वर गेलो. तायता निवाऱ्याच्या पायरीवर बसून राहिले. सातव्या काठीपासून दोरी अंथरली. चाळीसवर तिरकी निळी काठी होती, पट्टीचं टोक कापलेलं. ती सगळ्यांनी हात लावून पाहिली. तिच्या पुढे न्येवेस एक एक पाऊल काठी खुपसून चालली. साडेचव्वेचाळीस वावांवर बर्फाचा उंचवटा होता. एदिसोननं कुऱ्हाडीच्या मागच्या बाजूनं तो फोडला. आतून काठीचं टोक निघालं आणि त्याला गोठून दगड झालेली पट्टी. हिरवी. कुणालाही विचारायची गरज नव्हती.

न्येवेस तिथून मागे वळली आणि आपल्याच पावलांच्या बाजूला काठी खुपसत आली. बेचाळीस वावांच्या आसपास काठी मुठीपर्यंत आत गेली, कशालाही न अडकता. तिनं ती हळूच बाहेर काढली. राहिलेल्या भोकातून खाली काळं दिसत होतं.

"मागे फिरा," एदिसोन म्हणाला. त्याचा आवाज एकदम तायतांसारखा झाला होता. "एकामागून एक. हळू. आणि कोणी उडी मारून दाखवू नका."

खाली दगडांच्या ढिगाऱ्यावर बसून आम्ही सातूचं पीठ आणि गूळ खाल्ला. सभा तिथेच पुन्हा भरली. डाव्या अंगाला एक धार आहे. तिच्यावर दोन ठिकाणी खडक बर्फातून डोकं वर काढतो, म्हणजे तिथे बर्फाचा थर पातळ आणि खालचा खडक त्याला धरून ठेवणारा. ताणायला तिथे फार जागा नाही. पण वाट दीड तासानं लांब, आणि पूर्वेचा वारा सरळ तोंडावर. पाहुणे कुरकुरतात म्हणून ती सोडलेली. सगळ्यांना ती माहीत होती, पण सुचवायला कोणी उठत नव्हतं. नियम आड येत होता.

न्येवेस उठली. "डावी धार. मी सुचवते."

"घरचं माणूस?" एदिसोननं विचारलं. आतापर्यंत घरचं माणूस तीच असायची. सुचवणारी तीच झाल्यावर घरात उरलं कोण?

"आईचे गुडघे दुखतात," न्येवेस म्हणाली. "तायता येतील."

निवाऱ्यावर येऊन तिनं त्यांना हे सांगितलं तेव्हा ते भडकले. "मला दिसत नाही, न्येवेस! दोन दिवसांपूर्वी सगळ्या गावाला सांगितलं, तुला ऐकू आलं नाही का?"

"तुम्ही मध्ये चालणार. मध्ये चालणाऱ्याला काय बघायचं असतं? दोर हातात असतो. मी काठी रोवीन, तुम्ही पट्टी बांधा. गाठी मोजायला तुमची बोटं आहेतच."

"आणि मागे कोण?"

"मी," एदिसोन म्हणाला. "माझ्या बायकोला अजून सांगितलेलं नाही. तुम्ही माझ्या वतीनं सांगा, तुम्हाला ती मारणार नाही."

शुक्रवारी उजाडताना तिघं निघाले. त्या वर्षीच्या पट्ट्या विटकरी होत्या. मी निवाऱ्यावरून दुर्बिणीतून बघत होतो. न्येवेस काठी रोवायची, थांबायची. मधली आकृती वाकायची, पट्टी बांधायची, दोरी ओढून घ्यायची. एका जागी ती बराच वेळ वाकलेली दिसली आणि माझा जीव टांगणीला लागला. नंतर कळलं की दोरीची गाठ बर्फात अडकली होती आणि तायता एदिसोनला शिव्या घालत होते. दुपारी ते शिखरावर पोचले. तिथे ढग होता आणि दहा पावलांपलीकडे काही दिसत नव्हतं. एदिसोन सांगतो, तायता बर्फावर बसले आणि म्हणाले, "आज सगळ्यांनाच माझ्याएवढं दिसतंय."

उतरताना ते तिघं एकेक विटकरी पट्टी धरूनच खाली आले.

त्या मोसमात पाहुणे कुरकुरले आणि डाव्या धारेनंच गेले. फेब्रुवारीत सातवी आणि आठवीच्या मधल्या जागेत एक बारीक काळी रेघ दिसायला लागली. मार्चमध्ये ती निवाऱ्याच्या खिडकीतून नुसत्या डोळ्यांनी दिसायची.

मार्चमध्येच इबार्राच्या दवाखान्यात तायतांच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला. डाव्याला अजून वेळ आहे. डोळ्यावरची पट्टी सुटल्यावर घरी आले तेव्हा दोरीवर घागरे वाळत होते. ते त्यांतल्या एकापुढे थांबले.

"ओर्तेन्सिया, हा गुलाबी एवढा भडक आहे?"

"पाच वर्षं तसाच आहे."

"हा घालून तू बाजारात जातेस?"

"जाते. सगळ्यांना लांबून दिसते. तुमच्याशिवाय."

नियम बदलला नाही, त्यात एक गोष्ट वाढली. मोजणीला आता दोन घरांची माणसं जातात. एक जण रंग सांगतो, दुसरा तो बरोबर आहे का ते मोठ्यानं बोलून दाखवतो. पहिल्या खेपेला एदिसोन आणि मी गेलो. विटकरीला विटकरी म्हणताना मी इतका ओरडलो की निवाऱ्यावर ऐकू गेलं म्हणतात.

तायता आता पट्ट्या फाडतात आणि दोन्या ओर्तेन्सिया त्यांच्या टोकाला गाठी मारते. विटकरीला एक होती. यंदाच्या पट्ट्यांना दोन आहेत. आंधळ्याच्याही बोटांना वर्ष कळलं पाहिजे, असं तिचं म्हणणं.

परवा मी गेलो तेव्हा ती गाठ ओढत पुटपुटत होती. "एवढं कापड गाठीतच जातं. डोळा आला ना तुमचा, मग आता कशाला?"

"एकच आलाय," तायता म्हणाले. "आणि न्येवेसही कधीतरी साठीची होईल. मार गाठ."